ब्लॅक फाइव्हच्या टेंडरमधली मोटर बदलू का?

मामांनी इंग्लंडहून आणलेली हॉर्नबी कंपनीची जुनी ब्लॅक फाइव्ह (वाफेच्या इंजिनाचं मॉडेल) पॉइंटवर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, थबकते आणि चार डबे लावले की टेंडरची (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याची) चाकं जागच्या जागी गरगरतात, तर नवीन मोटर युनिट कुठलं घेऊ, असं विचारलंय तुम्ही. अहो, चाकं गरगरतायत म्हणजे मोटर ठणठणीत आहे की! पैसे ठेवा खिशात.

टेंडरमध्ये रिंगफील्ड मोटर असलेल्या या गाड्यांत एका रुळाचा करंट इंजिनाच्या चाकांतून येतो आणि दुसऱ्याचा टेंडरच्या, त्यात टेंडरच्या रबरी टायरवाल्या चाकांना करंट उचलताच येत नाही, म्हणजे आधीच तुटपुंजा कारभार आणि वर इंजिन आणि टेंडर जोडून करंट नेणाऱ्या ड्रॉबारवर काळं साचलं की पॉइंटवर गाडी थांबणारच. चाकं आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, ड्रॉबार घासा, इंजिन ते टेंडर एक पातळ लवचिक वायर सोल्डर करा. टायर नखाने ओढून बघा, कडक होऊन चिरले असतील तर बदला. आणि ऑइल टाकताना हात आखडता घ्या, टायरला लागलं की परत तेच.

तरी मोटर बदलायचीच असेल तर लोक सीडी प्लेअरची मोटर बसवतात. शाफ्ट बहुतेक २ मिमीचा, पिनियनचे (शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे) दाते जुन्या गिअरशी जुळायला हवेत, आणि बऱ्याच मोटरी ६ व्होल्टच्या आसपासच्या असतात, १२ वर सुसाट पळतात. मी बसवली तेव्हा आवाज एकदम गायब, खूश झालो, पण दोन डबे ओढेना! जुनी मोटर, तिचं मॅग्नेट, सगळं वजन गेलं होतं ना. शेवटी मासे पकडायच्या गळाचं शिसं कोळशाखाली ठासून भरलं.

दुसऱ्या गाडीचं युनिट बसेल का? आधी आसांमधलं अंतर मोजा. खऱ्या ब्लॅक फाइव्हच्या (स्टॅनिअर यांच्या डिझाइनच्या) टेंडरच्या दोन आसांत साडेसात फूट, म्हणजे ओओमध्ये (१:७६ स्केल) ३० मिमी आणि एचओमध्ये (१:८७ स्केल) जेमतेम २६. रुळांमधलं अंतर दोन्हीकडे १६.५ मिमीच, तिथेच माणूस फसतो.

डीसीसी (डिजिटल कंट्रोल) करणार असाल तर मोटरचा एक ब्रश (तिला करंट देणारा कार्बनचा तुकडा) चॅसीला जोडलेला असतो, त्याच्या स्प्रिंगला स्लीव्ह घालून तो वेगळा करा. मी विसरलो, डेकोडरचा (गाडीत बसवायच्या डीसीसी चिपचा) धूर निघाला.

टायरवाल्या चाकाचा व्यास मोजून सांगा, मग साइज बघू.