हळद राहू द्या, आधी मुठेल घ्या

घरी क्रीम करायला बसताय, तर सुरुवात हळदीने करू नका. तिच्यातलं पिवळं रंगद्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि चेहऱ्यापेक्षा टॉवेलच जास्त रंगवतं. काही कंपन्या म्हणूनच त्याचं रंगहीन रूप, टेट्राहायड्रोकुर्क्युमिन, वापरतात.

त्यापेक्षा मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घ्या. कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात तेच. त्यात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलिक आम्ल असतं, त्यामुळे ते डब्यात घट्ट राहतं आणि 40 अंशांच्या आसपास वितळतं. नुसतं लावलं तर कडक लागतं. मंद आचेवर, पातेल्यात पातेलं ठेवून वितळवा आणि तिळाचं किंवा बदामाचं तेल घाला. किती? उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त, हाताला कळतं. पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, म्हणजे बुरशीची भीती फारशी नाही.

कोरफडीचं उलट. गर जवळजवळ सगळा पाणीच, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हशिवाय फ्रिजमध्येही लवकर खराब होतो. लागेल तेवढाच काढा. पान कापल्यावर उभं ठेवून पिवळा चीक आधी निथळू द्या. त्यातल्या अ‍ॅलोइनमुळे काहींची त्वचा चुरचुरते.

लिंबू मात्र चेहऱ्याला अजिबात नको. “नैसर्गिकच आहे की” हे पालुपद ऐकून मी कंटाळले आहे. लिंबातले फ्युरानोकुमारिन नावाचे घटक उन्हात गेल्यावर त्वचा भाजल्यासारखी करतात, डाग महिनोन्‌महिने राहतात.

काहीही नवं केलंत की आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा.