दोन्ही .३२ च आहेत, मग रिव्हॉल्वर बदलून पिस्तुलाच्या गोळ्या का चालवू नयेत?

वडिलांच्या लायसनवरचं .३२ रिव्हॉल्वर घरी आहे, मित्राकडे .३२ पिस्तूल आहे, नंबर एकच, तर कुणा कारागिराकडून सिलिंडर (काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं) थोडं घासून घेऊन पिस्तुलाच्या गोळ्या चालवता येतील का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. पण नुसतं नको म्हणून सोडत नाही, कारण पिस्तुलाची गोळी चालणारी रिव्हॉल्वरं खरंच बनली आहेत, तीही लाखांनी.

मी टेक्सासला असतो, इथे नेमबाजीच्या रेंजवर एका आजोबांकडे स्मिथ अँड वेसन कंपनीचं एम १९१७ रिव्हॉल्वर आहे, त्यांनी मला ते चालवू दिलं. त्याची भानगड अशी की एप्रिल १९१७ ला अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा सैन्याचं ठरलेलं पिस्तूल होतं एम १९११, .४५ एसीपी नावाच्या काडतुसाचं, पण सगळ्यांना पुरतील एवढी पिस्तुलं होती कुठे? मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनला सांगितलं, तुमची मोठ्या फ्रेमची रिव्हॉल्वरं आहेत ना, तीच आमच्या गोळीसाठी बनवून द्या. दोघांनी मिळून तीन लाखांच्या आसपास दिली.

आता खरी अडचण गोळीच्या जाडीची नव्हतीच, काडतुसाच्या बुडाची होती. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ती सिलिंडरवर टेकते म्हणून काडतूस पुढे घसरत नाही आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढताना एक्स्ट्रॅक्टर त्याच कडेला उचलतो. .४५ एसीपीला बाहेर आलेली कडच नाही, मॅगझिनमधून नीट सरकावं म्हणून, नुसती खोबण आहे. त्यावर स्मिथ अँड वेसनने हाफ मून क्लिप काढली, पोलादाची पातळ अर्धचंद्र पट्टी, एकीत तीन काडतुसं अडकवायची, दोन पट्ट्या घातल्या की सहा भरली. शिवाय त्यांच्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, आत पायरी होती, त्यावर काडतुसाचं तोंड टेकायचं, म्हणून क्लिप नसली तरी बार उडायचा. कोल्टच्या सुरुवातीच्या चेंबरना ही पायरीच नव्हती, क्लिप हरवली की वांधे.

आजोबा म्हणाले एकदा क्लिपशिवाय मारून बघ. मारल्या, सिलिंडर बाहेर काढून रॉड दाबला तर एक्स्ट्रॅक्टर मोकळाच वर आला आणि सहाच्या सहा पुंगळ्या जागच्या जागी, मग पेन्सिलने एकेक ढकलत बसलो. (१९२० मध्ये पीटर्स कंपनीने याच रिव्हॉल्वरसाठी जाड कडेचं .४५ ऑटो रिम काडतूस काढलं ते काय उगाच नाही.)

पण एम १९१७ हे कारखान्यात त्याच प्रेशरसाठी, म्हणजे बार उडताना आत होणाऱ्या दाबासाठी, बनलेलं होतं, घासून जुळवलेलं नव्हतं. घासून जुळवलेलं बघायचं तर वेब्ली बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांची .४५५ वेब्ली रिव्हॉल्वरं अमेरिकेत स्वस्तात आली, .४५५ च्या गोळ्या इथे सहज मिळेनात, म्हणून विकणाऱ्यांनी सिलिंडरची मागची बाजू घासली आणि क्लिपमध्ये .४५ एसीपी घालून खपवली. बसायची झकास. पण .४५ एसीपीची प्रेशरची मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड) आणि वेब्लीचं मूळचं काडतूस त्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे तडकलेल्या सिलिंडरच्या गोष्टी इथे जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतात, आणि असं वेब्ली कुणी दाखवलं की जाणकार आधी फुल लोड, म्हणजे पूर्ण ताकदीचं काडतूस, घालू नकोस म्हणतात.

तुमचं बत्तीसही त्याच वाटेचं. आपल्याकडचं कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर चालतं .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग या काडतुसावर, त्याची मर्यादा १५,००० पीएसआय, पिस्तुलाचं .३२ एसीपी २०,५०० चं. दिसायला आखूड आणि बिचारं वाटतं म्हणून फसू नका, प्रेशर त्याचंच जास्त. त्याला कड आहे पण नावापुरती, रिव्हॉल्वरच्या एक्स्ट्रॅक्टरला ती धड पकडता येत नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर शस्त्र कायदा १९५९, कलम ५, हत्यार बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं या सगळ्याला वेगळं लायसन लागतं, तुमच्या वडिलांचं बाळगण्याचं लायसन त्यात धरत नाहीत. म्हणजे तो कारागीरही आत आणि तुम्हीही. बॅरलवर कोणतं काडतूस कोरलंय ते बघा, लायसनवर काय लिहिलंय ते ताडून बघा आणि डीलरकडे नुसतं बत्तीस न म्हणता लाँग असं पूर्ण नाव सांगून मागा.