बोलत नसलेल्या मुलाला किती समजतं, हे कसं ओळखायचं?

साडेतीन वर्षांची मुलगी जेमतेम चार-पाच शब्द बोलते, तिला आपलं बोलणं किती कळतं, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा त्या वयात तीन शब्द बोलायचा आणि मी दोन्हीकडून चुकले.

आधी वाटायचं, सगळं कळतं. 'चल बाहेर' म्हटलं की दाराशी हजर. स्पीच थेरपिस्टने एकदा मला हात मागे घेऊन, दाराकडे न बघता तेच म्हणायला लावलं. तो जागचा हलला नाही. त्याला कळत होत्या त्या माझ्या हातातल्या किल्ल्या!

मग काहीच कळत नाही असं धरून वर्षभर त्याच्यादेखत त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलले. एका रात्री पेंगत गोष्ट वाचताना माकडाऐवजी हत्ती झाडावर चढवला, तर हा खदखदून हसला. गोष्ट पाठ असेल म्हणून हसला असेल, अशी शंका होतीच. म्हणून दुसऱ्या दिवशी चमचा, वाटी, बूट, टोपी समोर ठेवली आणि त्याने कधीच न ऐकलेलं सांगितलं: 'चमचा बुटात ठेव.' नजर छताला लावून मनात आकडे मोजले. आठला चमचा बुटात. वर माझ्याकडे असं पाहिलं, की आईचं डोकं फिरलंय. आधी मी दोन सेकंदही थांबत नव्हते.

तुम्हीही असंच विचित्र काहीतरी सांगून बघा. दोनच वस्तू ठेवल्या तर निम्म्या वेळा नुसत्या अंदाजानेही बरोबर येतं, म्हणून चार ठेवा, जागा बदलत राहा. हात नीट चालत नसतील तर वस्तू लांब लांब ठेवून नजर कुठे थांबते ते पाहा. पण त्याआधी श्रवणतपासणी. दाराच्या आवाजाला वळते म्हणजे सगळं ऐकू येतं, असं नाही. फक्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नसतील तर 'स', 'श' निसटतात आणि मूल समजत नसल्यासारखं दिसतं.

कुणी मुलीचा हात धरून तिच्याकडून टाइप करून घेतो म्हणालं, तर नको म्हणा. १९९० च्या दशकातल्या चाचण्यांत मुलाला एक आणि हात धरणाऱ्या मदतनिसाला दुसरं चित्र दाखवलं, तेव्हा मदतनिसाने पाहिलेलंच टाइप झालं.

बोट ठेवून हवं-नको सांगता येईल असा चित्रांचा तक्ता मात्र जरूर द्या, त्याने बोलणं अडत नाही. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोट 'नको'वर पडलं.