'तक्रार' की 'नेटकऱ्यांचा संताप'?

चोपडा तालुक्यातून एका साप्ताहिकाला बातम्या पाठवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: "कपाशीचं बियाणं उगवलं नाही म्हणून आमच्याकडच्या एका शेतकऱ्याने व्हिडिओ टाकला. तो जिल्ह्याभर फिरला. मी बातमीत 'तक्रार' लिहिलं होतं, छापताना मथळा झाला 'नेटकऱ्यांचा संताप'. वर एकाने सांगितलं की 'तक्रार' अरबी आहे, 'गाऱ्हाणे' लिहा. बरोबर काय?"

ताई, तुमचाच शब्द बरोबर होता.

'तक्रार' अरबी आहे हे खरं, फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. पण अरबीत त्याचा अर्थ गाऱ्हाणं असा नाहीच. तिथे तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा पुन्हा म्हणणं किंवा करणं. हिंदी-उर्दूत त्याची 'तकरार' झाली, म्हणजे वाद, हुज्जत. मराठीत तो दाद मागण्यापर्यंत येऊन ठेपला. एका अर्जासाठी तालुक्याला पाच हेलपाटे घातलेल्या माणसाला हा मूळ अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

'गाऱ्हाणं' निराळं. त्याच्यामागे संस्कृत 'गर्हणा' आहे, निंदा. गवळणी कृष्णाची गाऱ्हाणी यशोदेकडे नेतात, कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. ऐकून घेणारं कुणी थोरलं समोर असल्याशिवाय गाऱ्हाणं होत नाही. आपल्याकडे कितीतरी वर्षं ती जागा संपादकाची होती. मी जळगावात एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. वाचकांची पोस्टकार्डं माझ्या टेबलावरून जायची. गॅस सिलिंडर वजनात कमी, रॉकेल मिळत नाही, वीजबिल अवाच्या सवा. शेवटची ओळ बहुतेक सगळ्यांची एकच: "आपल्या लोकप्रिय दैनिकातून याला वाचा फोडावी." गठ्ठ्यातली चार कार्डं छापली जायची, बाकीची तारेला टोचून ठेवायची. वाचा फोडायची की नाही, हे आम्ही ठरवत होतो.

आता वाचा आधीच फुटलेली असते. 2023च्या एप्रिलमध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्याने तो काढून टाकला. पण तोवर लोकांनी तो इतक्यांदा पुढे पाठवला होता की काढून उपयोग नव्हता. नोटीस आणि व्हिडिओ काढणं, याचीच मोठी बातमी झाली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. 2024च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात दाखवू नका. आधी ग्राहक बोलला, मग हजारोंनी तेच म्हटलं आणि त्यानंतर बातमीदार आला. अरबीतली पुनरावृत्ती मला इथे पुन्हा दिसते.

तुमच्याकडच्या शेतकऱ्याचा तो व्हिडिओ माझ्याकडेही आला होता. उन्हात उभा राहून तो दादा पाकीट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरतो की लॉट नंबर वाचता यावा. मग खाली वाकून सरीतली माती बोटाने उकरतो, तळहातावर एक बी घेतो. बी कुजलेलं आहे. "काय व्हयनं?" असं मागून कुणीतरी विचारतं, तो उत्तर देत नाही, खिशातून पावती काढून दाखवतो. पाकीट, पावती, बी आणि वावर. दाद मागायला लागणारं सगळं त्याने दीड मिनिटात मांडलं, आणि ही तक्रार आहे. तिचं 'संताप' केलं की पावती गळून पडते आणि उरतो तो नुसता राग.

'नेटकरी'बद्दलही बोलायला हवं. शब्द म्हणून तो सुरेख आहे, शेतकरी-वारकरी यांच्याच साच्यातला. एखाद्या क्रिकेट सामन्यावर लोक काय बोलले ते सांगताना मीही वापरेन. पण इथे बोलणारा शेतकरी आहे, आणि मथळ्याने त्याला नेटकऱ्यांच्या गर्दीत मिसळून टाकलं. कायद्यात त्याला स्वतःची जागा आहे: बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये म्हटलं आहे. त्याला 'तक्रारदार' म्हणा.

आणखी एक शब्दप्रयोग यानिमित्ताने सुटला तर मला आनंद होईल: 'एका नामांकित कंपनीचे बियाणे'. नामांकित म्हणायचं आणि नावच लिहायचं नाही, ही सवय आम्हाला जाहिरातींच्या धाकाने लागली. मी स्वतः अशा ओळी तपासून पुढे पाठवल्या आहेत आणि त्याचं मला वाईट वाटतं. आता पाकीट प्रत्येकाच्या फोनवर दिसतं, नाव लपवून फक्त वाचकाचा विश्वास जातो. नाव छापा, पण कंपनीचं म्हणणं घेऊन. मी इथे नाव घेत नाही, कारण मी कंपनीला विचारलेलं नाही आणि ते वावरही पाहिलेलं नाही.

कारण व्हिडिओ दहा हजार वेळा फिरला तरी बी का उगवलं नाही हे त्यातून कळत नाही. बी खराब होतं, खोल पडलं की पावसाने ताण दिला? त्यासाठी तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येते आणि पंचनामा करते. 'पंच' आपले, 'नामा' फारसी, आणि काम पाहणाऱ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवण्याचं. पुनरावृत्तीला हे जमत नाही. ते बातमीदाराने बांधावर जाऊन करायचं असतं, आणि तुम्ही गेला होतात हे तुमच्या मूळ मजकुरावरून दिसतं.

मथळा मी असा दिला असता: 'कपाशी उगवली नाही, शेतकऱ्याची तक्रार, पंचनामा बाकी'. आणि पंचनामा झाला की त्याच जागी, त्याच आकारात दुसरी बातमी.