मनगट मोडल्यावर नुसत्या कॅल्शियमवर थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. खानापुरात आई न्हाणीत घसरल्या, मनगट मोडलं, डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोर उणे 3.1 आला. डॉक्टर वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक ॲसिडचं (हाडांची झीज रोखणारं औषध) सलाईन घ्या म्हणतात आणि घरची मंडळी म्हणतात, इंजेक्शन नको, नाचणी आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरेत.

माझं मत स्पष्ट आहे : मूत्रपिंडाचा रिपोर्ट चांगला असेल तर सलाईन घ्या. टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. उभ्या उभ्या घसरून मनगट मोडणं हा तर पुढच्या फ्रॅक्चरचा इशाराच. खुबा मोडला तर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं, म्हणून ही घाई.

नाचणी चांगलीच आहे, 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आंबील, भाकरी चालू ठेवा. पण या वयात हाड झिजण्याचा वेग भरण्यापेक्षा जास्त असतो. कॅल्शियम हा माल झाला, झीज रोखायला औषधच लागतं.

सलाईनआधी रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्या. ड कमी असेल तर आधी ते भरून काढतात. दातही दाखवा. आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं मिसरी लावतात, हिरड्या खराब असतात. दात काढायचा असेल तर तो आधी काढून जखम भरू द्यावी, कारण या औषधानं क्वचित जबड्याचं हाड बरं होत नाही. आमच्या सासूबाईंना पहिल्या सलाईननंतर रात्री ताप आला, अंग ठणकलं. पॅरासिटामॉलनं दोन-तीन दिवसांत उतरलं. पुढच्या वर्षी काहीच झालं नाही.

सुई नकोच असेल तर झीज रोखणारीच, आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. पित्ताचा, अन्ननलिकेचा त्रास असेल तर ती झेपत नाही.

मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर डेनोसुमॅब सुचवतील, झीज रोखणारं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी. ते मनानं बंद करू नका. डोस चुकला तर हाडं झपाट्यानं झिजतात, मणके दबतात. थांबवायचंच असेल तर त्यामागून दुसरं औषध द्यावं लागतं. पैशाची आणि मिरज-बेळगावच्या फेऱ्यांची सोय लागणार नसेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. मणके आधीच दबले असतील तर टेरिपॅराटाइडची रोजची सुई असते, ती हाड नव्यानं बनवते. पण महाग, आणि सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं.

आणखी एक विचारते. आई गुडघेदुखीसाठी कुणाच्या बिननावाच्या पुड्या घेतात का? अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉईड असतं आणि तेच हाड पोखरतं. घेत असतील तर एकदम बंद करू नका, पुडी डॉक्टरांना दाखवा.

तीन सलाईननंतर पुढं काय, ते डेक्सा पुन्हा करून ठरवतात. मधल्या काळात मांडी किंवा जांघ सारखी दुखायला लागली तर वाट पाहू नका, एक्स-रे काढा. आणि न्हाणीतलं शेवाळ आजच घासून घ्या, धरायला दांडीही बसवा.