पळासनेरला गाडी अडकली तर

प्रिय मित्रा,

चोपड्याहून केळी भरून तू पहिल्यांदाच सेंधव्याच्या वाटेने निघतोयस. बिजासन घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला, की मध्य प्रदेशच्या सीमेअलीकडे पळासनेरला थांबणं आलंच.

थांबलास की आधी माल बघ. चालत्या गाडीत वारा खेळतो, उभ्या गाडीत केळीची स्वतःची उष्णता कोंडते, वर मे महिन्याचं आपलं खान्देशी ऊन. एक फणी पिवळी पडली की तिच्यातला इथिलीन वायू शेजारच्या फण्या पिकवायला घेतो, आणि दिल्लीचा व्यापारी पिवळ्या मालाचा भाव पाडतो. म्हणून ताडपत्रीचे दोर दोन्ही बाजूंनी सैल कर, कडा हातभर वर गुंडाळ. वरचं छत मात्र काढू नकोस, ऊन थेट मालावर येईल. फाळक्याच्या फटीतून हात आत घालून बघ. वाफ लागली, गोडसर वास आला, तर पिकलेली फणी हुडकून बाहेर काढ. गारव्यासाठी पाणी मारायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नकोस भो, ओल्या दांड्याला बुरशी धरते.

गाडी उताराच्या तोंडाशी लावू नकोस. घाट उतरून धुळ्याकडे येणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तापलेले असतात. ४ जुलै २०२३ ला ब्रेक निकामी झालेला कंटेनर इथेच हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. चहासुद्धा रस्त्यापासून आत बसूनच घे. चाकाला ठोकळा लाव, आणि दगड लावलाच तर निघताना तो उचलून कडेला टाक. रात्री मागच्याला तो दिसत नाही.

केळीला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागत नाही. परतीच्या मालाला बहुधा लागेल, त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदत संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास, एवढ्यातच ती वाढवून मिळते. रांग हलत नाही असं दिसताच ऑफिसला फोन कर.

होळीआधीच्या आठवड्यात आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार भरतात, रस्ता माणसांनी फुलतो. तेव्हा हॉर्न वाजवून काही होत नाही. निघतानाच दोन-तीन तास जास्तीचे धर.

रांग सुटली की लगेच गिअर टाकू नकोस. उभ्या गाडीत ब्रेकची हवा उतरते. इंजिन चालू करून हवेचा काटा पूर्ण वर येऊ दे, ताडपत्री आवळ, मग ठोकळा काढ.