‘रिलॅप्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ‘ताणाशी संबंधित पेप्टाइड संप्रेरके कोकेनच्या व्यसनाची पुनरावृत्ती घडवतात’ असं एक अनुवादित वाक्य आहे. ‘रिलॅप्स’ला, म्हणजे सुटलेलं व्यसन किंवा बरं झालेलं दुखणं परत येण्याला, ‘पुनरावृत्ती’ चालेल, की ‘पुनःपतन’ बरं?

माझ्या मते दोन्ही नकोत. पुनरावृत्ती चुकीची होते, प्रयोगाची होते. दुखण्याची होत नाही. ‘पुनःपतना’त आणि ‘पाय घसरला’ म्हणण्यात निवाडा आधीच देऊन झालेला असतो. आपल्याकडे यासाठी चांगलं रुळलेलं क्रियापद आहे: उलटणं. ‘ताप उतरला होता, पण परत उलटला.’ या वाक्याचा कर्ता ताप आहे, माणूस नव्हे, आणि व्यसनाबद्दल लिहिताना मला हेच फार मोलाचं वाटतं. फक्त नुसतं ‘व्यसन उलटलं’ लिहू नये, कारण डाव उलटतो, औषध उलटतं, तसा भलताच अर्थ निघेल. ‘व्यसनाचं दुखणं उलटलं’ म्हटलं की घोळ राहत नाही.

मात्र या विषयावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि तिथे इंग्रजीतला शब्द ‘रीइन्स्टेटमेंट’ असतो. दोन्हींना एकच प्रतिशब्द दिला की अर्थ बिघडतो. प्रयोग असा: दट्ट्या दाबला की शिरेतल्या नळीतून कोकेन मिळतं, हे उंदीर शिकतो. मग कोकेनच्या जागी सलाइन देतात. दाबणं हळूहळू मंदावतं. त्यानंतर पायाला थोडा वेळ अधूनमधून विजेचे सौम्य झटके देतात आणि उंदीर किती वेळा दट्ट्या दाबतो ते मोजतात. या शेवटच्या चाचणीत कोकेन मिळतच नाही! परत येतो तो फक्त शोध. याला ‘उचल खाणं’ शोभतं: विझत आलेल्या वर्तनाने पुन्हा उचल खाल्ली.

उचल खायला निमित्तं तीन: कोकेनचीच छोटी मात्रा, त्याच्याशी जोडलेली खूण (दिवा, आवाज) आणि ताण. ‘ट्रिगर’ला मी ‘निमित्त’च लिहीन; ‘कारण’ लिहिलं तर बाकीचा सगळा इतिहास पुसला जातो.

आता ‘संप्रेरके’, म्हणजे रक्तातून निरोप नेणारी रसायनं (हार्मोन्स). पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. यातलं मुख्य पेप्टाइड सीआरएफ, म्हणजे कॉर्टिकोट्रोपिन रिलीजिंग फॅक्टर: 41 अमिनो आम्लांची साखळी, 1981 मध्ये ओळख पटलेली. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून ते पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतं तेव्हा त्याला संप्रेरक म्हणणं बरोबर. पण अमिग्डाला (मेंदूतला भीती-भावनांशी निगडित भाग) आणि तिच्या लगतच्या भागांत तेच पेप्टाइड चेतापेशींमधला निरोप्या असतं. रक्तातल्या ताण-संप्रेरकाची उसळी होऊ दिली नाही, फक्त नेहमीची पातळी राखली, तरी झटक्यांनंतर उंदीर दट्ट्याकडे वळतो. मेंदूतला सीआरएफचा मार्ग अडवला की ते बरंच कमी होतं. म्हणून इथे ‘मेंदूतली पेप्टाइडं’ एवढंच पुरे. दुसरं पेप्टाइड डायनॉर्फिन. कोकेन वारंवार घेतल्यावर ते वाढतं, डोपामाइनला (सुखाच्या ओढीशी निगडित मेंदूतल्या रसायनाला) आवर घालतं आणि मन खिन्न करतं. या अवस्थेला ‘डिस्फोरिया’ म्हणतात. ‘तगमग’ हा शब्द मला ‘नैराश्या’पेक्षा जवळचा वाटतो.

‘ताण’ ठेवला ते योग्यच. ‘तणाव’ दोन गटांत असतो, शरीरावर ताण येतो.

उचल आणि उलटणं वेगळं ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. सीआरएफचा मार्ग अडवणारी औषधं उंदरांत आशादायक ठरली, पण दारूच्या व्यसनातल्या माणसांवर तपासली तेव्हा तल्लफ कमी झाली नाही. उंदराच्या उचलीला सरळ ‘रिलॅप्स’ म्हणणारं वाक्य वाचकाला औषध हाती आल्यासारखं भासवतं.

तेव्हा वाक्य असं करावं: ‘ताणाचं निमित्त झालं की मेंदूतली काही पेप्टाइडं उंदरांमधल्या कोकेनच्या शोधाला पुन्हा उचल देतात; माणसांत व्यसनाचं दुखणं उलटण्यामागेही त्यांचा हात असावा.’ यातला ‘असावा’ संपादकाने कापू नये.